विश्लेषण : बांबूच्या धनुष्याचा तोल कसा साधतात? एक मिलिमीटर जास्त तासला तर काय होते?

राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांत रिकर्व्ह आणि कंपाउंडच्या बरोबरीने ‘इंडियन राउंड’ नावाचा एक गट असतो. त्यात खेळाडू बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य घेऊन उतरतात. नेम धरायला साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवायला स्टॅबिलायझर नाही. ३० आणि ५० मीटरवरचे लक्ष्य, हातातले धनुष्य आणि डोळा, एवढाच कारभार. दीपिका कुमारीची सुरुवात झारखंडमध्ये बांबूच्या धनुष्याने झाली. राजस्थानातल्या आदिवासी पाड्यातून येऊन तीन ऑलिम्पिक खेळलेले लिंबाराम यांचीही सुरुवात तशीच. आपल्याकडे सातपुड्यातला भिल्लांचा तिरकमठा बांबूचाच, आणि त्याची दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची.

स्पर्धेचा रिकर्व्ह संच लाखांच्या घरात जातो, बांबूचे धनुष्य काही हजारांत मिळते. त्यामुळे गावाकडच्या मुलामुलींसाठी या खेळात शिरण्याचा तोच दरवाजा आहे. पण या स्वस्त धनुष्याला तोल जुळवणारा स्क्रू नसतो. जे जुळवायचे ते कारागिराने कानस हातात असतानाच जुळवायचे. ते नीट झाले नसेल तर बाण वर-खाली जातात आणि बोलणी खेळाडू खातो. हे ‘जुळवणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू.

टिलरिंग म्हणजे काय?

धनुष्याच्या मधे मूठ असते. तिच्या वर एक भुजा, खाली एक. मैदानावर या भुजांना सगळे ‘लिम्ब’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरू. दोरी ओढली की दोन्ही लिम्ब वाकतात. सोडली की सरळ व्हायला धावतात आणि त्या धावेत बाण निघतो. लिम्बचे हे वाकणे जुळवून घेण्याच्या कामाला टिलरिंग म्हणतात.

यात दोन वेगळी कामे आहेत. वरचा आणि खालचा लिम्ब एकमेकांशी जुळले पाहिजेत, हे कोणालाही सुचते. पण त्याआधी प्रत्येक लिम्ब स्वतःशीच जुळावा लागतो. मुठीपासून टोकापर्यंत त्याची कमान एकसंध हवी. एखादा भाग ताठ राहिला, तर त्याच्या वाटचे वाकणे शेजारच्या भागावर पडते आणि तो भाग लवकर थकतो. गटकामात एक जण बसून राहतो आणि दुसरा रात्र जागून प्रोजेक्ट संपवतो, तसे. धनुष्य तुटते ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच्या जागी.

एवढ्याशा तासण्याने इतका फरक का पडतो?

इथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक धडा कामाला येतो. आयताकृती छेदाच्या पट्टीची ताठरता तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे लिम्बची रुंदी १० टक्के कमी केली तर ताठरता १० टक्केच घटते. जाडी १० टक्के कमी केली तर मात्र ती सुमारे २७ टक्के घटते.

आकड्यांत पाहू. लिम्ब एका ठिकाणी १५ मिलिमीटर जाड आहे. तिथून एक मिलिमीटर तासला, म्हणजे १४ उरले. त्या जागेची ताठरता जवळपास १९ टक्क्यांनी उतरली. एक मिलिमीटर म्हणजे कानशीचे थोडेसे हात. म्हणून अनुभवी कारागीर शेवटच्या टप्प्यात कानसही बाजूला ठेवतो आणि काचेच्या तुकड्याने किंवा धारदार पात्याने खरवडतो. एका वेळी निघतो तो फक्त भुसा.

टोकाकडे लिम्ब निमुळता का असतो, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. वाकवणारा जोर मुठीजवळ सर्वाधिक आणि टोकाशी जवळपास शून्य असतो. सगळीकडे सारखीच जाडी व रुंदी ठेवली तर सगळे वाकणे मुठीजवळ गोळा होईल आणि टोके नुसती वजन वाढवत बसतील. म्हणून एक तर जाडी कमी करत न्यायची किंवा रुंदी. जाडी तीच ठेवून रुंदी सरळ रेषेत निमुळती केली तर लिम्ब वर्तुळाच्या तुकड्यासारखा वाकतो. रुंदी बरीचशी तीच ठेवून जाडी उतरवली तर टोकाकडचा पातळ भाग जास्त वाकलेला चालतो, कारण पातळ पट्टी जास्त वाकली तरी तिच्या पृष्ठभागावर तेवढा ताण येत नाही. कुठला आकार ‘बरोबर’ हे लाकूड कसे कापले आहे त्यावर ठरते. इंटरनेटवरच्या फोटोतली कमान पाहून आपले धनुष्य तसेच वाकवायला जाणे त्यामुळे धोक्याचे.

तासायचे कुठून, पाठीकडून की पोटाकडून?

धनुष्याची लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ, खेळाडूकडची म्हणजे पोट. वाकताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. तासायचे ते पोटाकडून. पाठीला हात लावायचा नाही. तिथला एखादा तंतू मधेच कापला गेला तर ओढताना तिथूनच चिरफळी उठते.

बांबूच्या बाबतीत हा नियम आणखी कडक आहे. बांबूच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला तंतू दाट आणि आत विरळ असतात. ताण सोसण्याची ताकद या तंतूंची. म्हणून हिरवी, गुळगुळीत साल पाठीला येते आणि कारागीर आतल्या बाजूने जाडी उतरवतो. पेराच्या गाठी तेवढ्या जपाव्या लागतात. गाठीजवळ बांबू मुळातच जाड आणि ताठ असतो आणि तंतूही तिथे वेडेवाकडे वळतात. दोन लिम्बमध्ये गाठी सारख्या अंतरावर आल्या नाहीत, तर तोल जुळवताना दोन्हींना वेगवेगळे वागवावे लागते.

प्रत्यक्षात काम कसे चालते?

आधी लाकूड सुकलेले लागते. धनुष्यासाठी ८ ते १० टक्के ओलावा चांगला मानतात. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली तर उघड्यावरच्या लाकडात ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास पोचतो. असे लाकूड वाकते छान, पण परत सरळ होत नाही. कोकणात जुलैमध्ये तोल जुळवलेले धनुष्य मार्चमध्ये वेगळे वागले, तर त्यात नवल नाही.

पहिला टप्पा जमिनीवरचा. धनुष्याचे एक टोक जमिनीवर टेकवायचे, मूठ हलकेच दाबायची आणि लिम्ब कसा वाकतो ते पाहायचे. मग दुसरे टोक. यात आकडे नाहीत, फक्त नजर आणि तळहाताला लागणारा जोर. ढोबळ विसंगती इथेच निघून जाते.

दुसऱ्या टप्प्यात धनुष्य भिंतीवर चढते. भिंतीवर एक आधार ठोकलेला असतो, त्यावर मूठ ठेवतात. टोकांना सैल, लांब दोरी बांधलेली असते. दोरीच्या मध्याला आकडा, आकड्याला दुसरा दोर, तो जमिनीजवळच्या कप्पीतून फिरून चार-पाच पावले लांब उभ्या कारागिराच्या हातात. मधे वजनकाटा. भिंतीवर आडव्या-उभ्या रेघा. दोर ओढला की धनुष्य रेघांसमोर वाकते आणि कारागिराला समोरून पूर्ण कमान दिसते. लांब उभे राहण्याचे कारण दोन प्रकारचे: कमान नीट दिसते आणि धनुष्य तुटलेच तर तोंडासमोर तुटत नाही.

आकडा सरळ खाली येतो का, यावर कारागिराचा डोळा असतो. तो एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा लिम्ब जास्त ताठ आहे. दोर सैल सोडायचा, ताठ जागांवर पेन्सिलीने खूण करायची, धनुष्य खाली उतरवायचे, खुणा पुसल्या जाईपर्यंत खरवडायचे, परत चढवायचे.

आणि लगेच निष्कर्ष काढायचा नाही. लाकडाला बातमी उशिरा कळते. खरवडल्यावर धनुष्य कमी अंतरापर्यंत वीस-तीस वेळा ओढून सोडावे लागते, तेव्हा कुठे नवा आकार दिसतो. घाई करणारा माणूस फरक दिसला नाही म्हणून आणखी खरवडतो, आणि दहा मिनिटांनी दोन्ही खेपांचा परिणाम एकदम समोर येतो.

दुसरा पाळण्याचा नियम वजनाचा. समजा, धनुष्य २८ इंच ओढल्यावर ३० पौंडांचे व्हायला हवे आहे. काम अर्धवट असताना ते १५ इंचांवरच ३० पौंड दाखवू लागले, तर तिथेच थांबायचे. त्यापुढे एक इंचही ओढायचे नाही. खरवडायचे, परत ३० पौंडांपर्यंतच ओढायचे. आता १७ इंच आले. असे करत करत २८ पर्यंत जायचे. त्यामुळे लाकडाला त्याच्या शेवटच्या कामापेक्षा जास्त जोर कधीच सोसावा लागत नाही. मधल्या टप्प्यावर लांब दोरी काढून नेहमीची दोरी चढवतात, आधी मुठीपासून ७-८ सेंटिमीटर अंतरावर, तोल ठीक वाटला की १५ सेंटिमीटरच्या आसपास.

या सगळ्याला किती वेळ लागतो? लाकूड सरळ आणि हात बसलेला असेल तर एक दिवस. नसेल तर आठवडाही जातो.

एखादी जागा बिजागरीसारखी वाकू लागली तर?

कारागिरांचे खरे दुःस्वप्न हेच. लिम्बमध्ये एका ठिकाणी कमान मोडून कोपरा दिसू लागतो, दाराच्या बिजागरीवर फळी वळावी तसा. तिथे लाकूड आजूबाजूपेक्षा पातळ झाले आहे किंवा आत काही दोष आहे.

यावर उपाय एकच: त्या जागेला अजिबात हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड उतरवायचे, म्हणजे वाकणे पसरेल. पण एक लिम्ब असा हलका झाला की दुसराही तेवढाच हलका करावा लागतो. मग पुन्हा पहिला. ३५ पौंडांचे म्हणून सुरू केलेले धनुष्य अशा रीतीने २५ वर येऊन थांबते. मोठ्या माणसासाठी घेतलेला बांबू लहान मुलाच्या हाती जातो तो असा.

बिजागरीकडे दुर्लक्ष केले तर पोटाच्या बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या दिसू लागतात. दाबाखाली तंतू चिरडल्याची ती खूण. अशा सुरकुत्या दिसल्या की धनुष्याचे दिवस मोजके राहिले असे समजावे.

बांबूत आणखी एक वाट असते. पाठ जपत थोडी ऊब देऊन लिम्ब हलकासा वळवता येतो. शिंग आणि स्नायूतंतूंपासून बनणाऱ्या कोरियातील पारंपरिक धनुष्याला तर वापरण्याआधी ऊब देऊन आकार जुळवून घेण्याचीच पद्धत आहे. पण उबेने वळण सुधारते, पातळ झालेली जागा जाड होत नाही.

दोन्ही लिम्ब अगदी सारखे हवेत का?

बहुतेकांचा गैरसमज इथे होतो. धनुष्य हाताने मधोमध धरले, तर बाण हाताच्या वरून जातो. म्हणजे दोरी मध्यापेक्षा किंचित वर ओढली जाते. त्यात नेहमीच्या पकडीत एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असतात. या सगळ्याचा जादा भार खालच्या लिम्बवर येतो. म्हणून खालचा लिम्ब मुद्दाम थोडा ताठ ठेवतात.

किती, तर दोरी चढवलेल्या धनुष्यात दोरीपासून लिम्बच्या मुठीकडच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे. वरचे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटरने जास्त असले की झाले. तिन्ही बोटे बाणाच्या खाली ठेवून ओढणाऱ्या खेळाडूला हा फरक याहून कमी लागतो, कधी शून्यही चालतो. म्हणजे तोल फक्त धनुष्याचा नसतो, ते ओढणाऱ्या हाताचाही असतो. हाताने घडवलेले धनुष्य ‘कोणासाठी?’ असे कारागीर आधी विचारतो, ते यासाठी.

जपानचे ‘युमी’ हे या तत्त्वाचे टोकाचे उदाहरण. २ मीटरपेक्षा उंच असलेल्या या धनुष्याची मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर असते. वरचा लिम्ब खालच्याच्या जवळपास दुप्पट लांब. तरीही ते सरळ बाण सोडते, कारण दोन्ही लिम्ब एकाच क्षणी घरी परततात असे ते जुळवलेले असतात.

तोल बिघडला तर बाणाचे काय होते?

दोरी सुटल्यापासून बाण दोरीतून निघेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात एक लिम्ब आधी पोचला आणि दुसरा मागे राहिला, तर बाणाची शेपटी सरळ पुढे न जाता वर किंवा खाली ढकलली जाते. बाण डोलत जातो.

फरक किती पडतो, याचा साधा हिशेब असा. बाण अर्ध्या अंशाने जरी वर गेला तरी ५० मीटरवर तो ४० सेंटिमीटरहून जास्त चुकतो. तिरंदाजीच्या १२२ सेंटिमीटरच्या मोठ्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. खेळाडू दरवेळी अगदी तसाच बाण सोडू शकला तर ही चूक ठरावीक राहते आणि नेम बदलून ती भरून काढता येते. पण ओढण्याची लांबी एखाद्या सेंटिमीटरने बदलली की बिघडलेल्या तोलाचे धनुष्य वेगळे वागते. नवशिक्याची लांबी तर रोज बदलते. चांगल्या तोलाचे धनुष्य ही चूक बरीचशी पोटात घालते, वाईट तोलाचे तीच चूक मोठी करून दाखवते.

धोका वेगळाच. ४० पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढले की त्यात अंदाजे ५० जूल ऊर्जा साठते. ५ किलोचे सिलिंडर एक मीटरवरून पडावे, तेवढी. बाण निघाला तर तिचा मोठा भाग बाणाबरोबर जातो. लिम्ब मोडला तर ती तुकड्यांत जाते आणि तेव्हा खेळाडूचा चेहरा दोरीपाशी असतो.

हे ज्ञान किती जुने?

डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड येथे सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांचे लिम्बही टोकाकडे निमुळते केलेले आहेत, तेही दगडी हत्यारांनी. इंग्लंडमध्ये रॉजर अॅस्कमचे ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचे पुस्तक १५४५ मध्ये आले. नवे धनुष्य आधी चालवून पाहा, ते कुठे जास्त वाकते ते बघा आणि वेळीच कारागिराकडून दुरुस्त करून घ्या, असा सल्ला त्यात आहे. त्याच वर्षी ‘मेरी रोज’ ही युद्धनौका बुडाली. ती १९८२ मध्ये वर काढण्यात आली आणि तिच्या अवशेषांत १७० हून अधिक धनुष्ये मिळाली.

गणित मात्र फार उशिरा आले. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, फॉरेस्ट नॅगलर आणि पॉल क्लॉपस्टेग यांनी १९३०च्या दशकात धनुष्याचा भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. हिकमन बेल लॅबमध्ये होते. चपट्या, आयताकृती छेदाचे लिम्ब ताण जास्त सारखा वाटून घेतात, हे त्यांनी दाखवले. त्यांचे लेख १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आले.

आधुनिक धनुष्यात हा प्रश्न सुटला का?

बराचसा. रिकर्व्ह आणि कंपाउंडमध्ये लिम्ब कारखान्यातून जुळवून येतात आणि मुठीशी बोल्टने बसतात. षट्कोनी पान्याने बोल्ट पाव फेरा फिरवला की तोल बदलतो, नाही पटला तर उलटा फिरवायचा. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंडचे खेळाडू. त्यांच्या धनुष्यातही हा तोल तपासावाच लागतो, पण तिथे चूक परत घेता येते. बांबूवर उलटा फेरा नाही.

घेतलेले धनुष्य कसे तपासावे?

पालक किंवा खेळाडूला यासाठी कानस लागत नाही. पट्टी आणि मोबाइल पुरे.

दोरी चढवून वर सांगितलेली दोन अंतरे मोजा आणि धनुष्यावर तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने परत मोजा. फरक वाढत किंवा उलटा होत असेल, तर एक लिम्ब थकतो आहे. दोरी उतरवल्यावर टोके मुठीच्या रेषेपासून किती पुढे झुकलेली राहतात तेही पाहा. दोन-अडीच सेंटिमीटर झुकणे लाकडी धनुष्यात नेहमीचे. एकच टोक जास्त झुकत असेल तर दोष त्या बाजूला आहे.

मग कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मोबाइल मुठीच्या उंचीवर, तीन-चार मीटर लांबून, थोडा झूम करून. जवळून काढलेला फोटो कमान विकृत दाखवतो. धनुष्य ओढताना त्यात बाण असलाच पाहिजे आणि तो लक्ष्याकडे रोखलेला पाहिजे, कारण बाण नसताना दोरी हातून सुटली तर सगळी ऊर्जा लिम्बमध्येच उलटते. फोटो आडवा फिरवा, मुठीपाशी कापा, एक अर्धा आरशासारखा उलटवून दुसऱ्यावर ठेवा. दोन्ही कमानी जवळपास एकमेकींवर बसल्या पाहिजेत, खालची किंचित कमी वाकलेली. कुठे कोपरा दिसत असेल तर तीच बिजागरी.

दोष दिसला तर तो फोटो घेऊन धनुष्य बनवणाऱ्याकडे जा. घरी पॉलिश पेपर घासून ‘थोडेसे’ ठीक करायला जाऊ नका. पोटावर आडव्या सुरकुत्या किंवा पाठीवर उठलेली चिरफळी दिसली, तर ते धनुष्य त्या दिवसापासून ओढायचेच नाही, स्पर्धा दुसऱ्या दिवशी असली तरी.